ब्रेकचा दिवस

पहिली ऑर्डर हातात आली तेव्हा तिच्यावर अकरा महिन्यांची नेमणूक आणि त्यानंतर एक दिवसाचा तांत्रिक खंड, असं लिहिलेलं होतं. ते वाचून मला आनंद झाला होता, आणि आज हे सांगताना माझा मलाच राग येतो. मला वाटलं, सरकार किती समजूतदार आहे! माणूस अकरा महिने राबला की एक दिवस त्याला श्वास घेऊ देतं. ऑफिसात त्या दिवसाला सगळे 'ब्रेक' म्हणत. कानाला शब्दही गोड वाटायचा.

मी आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन आहे. आमचं केंद्र हिंगणीच्या पुढे, जिथे शेतं संपत जातात आणि बोर अभयारण्याचं जंगल सुरू होतं, त्या बाजूला आहे. गावाचं नाव सांगत नाही. एका खोलीत माझं सूक्ष्मदर्शक, रक्ताच्या काचा आणि एक खुर्ची. शेजारची खोली बाळंतपणाची. तिथे सिस्टर असायच्या. त्याही माझ्यासारख्याच कंत्राटी, पण माझ्या कितीतरी आधीपासूनच्या. आमचे डॉक्टर बदलले, बाबू बदलले, गेटावरचा पत्रा बदलला; सिस्टर तिथेच होत्या. मी त्यांना ताई म्हणायचे.

माझा पहिला ब्रेक जवळ आला तेव्हा मी बेत करून टाकला होता. आईला आंजीहून स्कूटीवर घ्यायचं, वर्ध्याला जायचं, तिला साडी घ्यायची, दोघींनी डोसा खायचा. आदल्या दिवशी मी ताईंना म्हटलं, "उद्या मी नाही हं, माझा ब्रेक आहे."

ताई इंजेक्शन भरत होत्या. त्या सुई हातात तशीच धरून हसायला लागल्या.

"ब्रेकले घरी बसते का वं कोणी? येजो बिनधास्त. फक्त मस्टरवर सही नको करजो. बाकी सारं रोजच्यासारखं."

"मग ब्रेक कशाला देतात?"

"सलग नोकरी झाली तं उद्या आपून पक्के करा म्हणून उभे राहू नं! म्हणून मधात एक दिवस आपल्याले मोडतात. दुसऱ्या दिवशी नवीन ऑर्डर, नवीन जॉइनिंग. कागदावर मी दर वर्षी नवीनच पोरगी असतो."

त्या हे हसत हसत सांगत होत्या आणि मी मात्र थक्क होऊन ऐकत होते. केसात पांढऱ्या बटा आलेली, अर्ध्या तालुक्याची बाळंतपणं केलेली ही बाई कागदावर दर वर्षी नवीन कशी असू शकते? म्हणजे ब्रेक ही सुट्टी नव्हतीच. त्या दिवशी आपण नोकरीत नसतो, एवढाच त्याचा अर्थ होता. काम होतं, रोगी होते, खुर्ची होती, फक्त खुर्चीवर बसलेलं माणूस नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी गेले. डोसा राहिला तो राहिलाच.

पुढे तो शब्द मलाही सवयीचा झाला. सकाळी केंद्राच्या गाडीचा ड्रायव्हर गेटातूनच ओरडायचा, "आज कोणाचा ब्रेक?" ज्याचा ब्रेक त्याने पाटोडीचा रस्सा आणायचा, ही आमची रीत. दुपारी सगळे डबे एकत्र यायचे. डॉक्टर चिडले की ताई म्हणायच्या, "सर, आज मले रागवता येत नाई, आज मी नाईच." रोग्यांनाही तो शब्द पाठ झाला होता. एखादी बाई खिडकीतून डोकावून विचारायची, "सिस्टरबाई ब्रेकवर हायेत का? मंग भेटतीन नं?" आणि माझी आई! तिने शेजारणीला अभिमानाने सांगितलं होतं की आमच्या पोरीला ऑफिसातून ब्रेक भेटला. शेजारीण साखर घेऊन आली. मी आईवर केवढी ओरडले होते. पण तिला खरा अर्थ समजावून सांगायचं धाडस काही झालं नाही. मुलगी दर वर्षी एक दिवस कोणीच नसते, हे आईला कसं सांगणार?

त्या दिवशी कामावर या, असं आम्हाला कोणी कधीच म्हटलं नव्हतं. वरून आदेश नाही, डॉक्टरांचा शब्द नाही. उलट येऊ नका असंच कागदावर होतं. आम्हीच यायचो. न येणारीबद्दल उद्या कोणी बरं लिहील का, ही धाकधूक असायची, आणि रोगी दारात उभे असताना घरी जीव रमायचा नाही, हेही होतं. दोन्ही खरं. आपणच आपल्याला लावून घेतलेली ही सवय होती, आणि तिचा आम्हाला थोडा तोराही होता.

त्या वर्षी ताईंचा ब्रेक कापूस वेचणीच्या दिवसांत आला. आमच्याकडची दुसरी सिस्टर, ती पक्की, ट्रेनिंगला वर्ध्याला गेली होती. सकाळी मी पोचले तेव्हा ताई आधीच आल्या होत्या. टेबलावर पाटोडीच्या रश्शाचा डबा, आणि खोलीतून एका पोरीचं कण्हणं. जंगलाकडच्या पाड्यावरची पहिलटकरीण होती. सोबत तिची सासू, कोरडी, काटक म्हातारी, घरात गोंडी बोलणारी. सुनेला गोंडीत धीर द्यायची आणि आमच्याकडे वळली की वऱ्हाडीत.

बाळ दुपारच्या आधी आलं. आलं, पण रडलं नाही. मी दारात उभी होते. ताईंनी त्याला पालथं हातावर घेतलं, पाठ चोळली, नळीने नाकातोंडातलं पाणी ओढलं, पुन्हा चोळली. त्यांच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. "रड रे बाप्पा, रड," त्या म्हणत होत्या, "कोणावर रुसला एवढा?" आणि ते एकदम असं किंचाळलं की म्हातारी खालीच बसली.

मग ताईंनी नेहमीप्रमाणे शिक्क्याच्या पॅडवर बाळाचं पाऊल टेकवलं आणि केसपेपरवर त्याचा ठसा घेतला. वाटाण्याएवढी बोटं कागदावर उमटली. म्हातारी ताईंचा हात सोडेना. "तुह्याच हातानं आला," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. बाळंतपण कोणी केलं, ती सहीची जागा ताईंनी कोरी ठेवली. ब्रेकच्या दिवशी आम्ही कशावरही सही करत नसू. डॉक्टर नंतर करतील, असं ठरलेलं असायचं.

जेवताना डॉक्टर म्हणाले, "त्याच पाड्यावर एक गरोदर बाई आहे, पायाला सूज आहे, तपासणीला आली नाही. ताई, जरा पाहून येता का?"

डॉक्टर तरुण होते, चांगले होते, मागताना संकोचायचे. म्हणूनच मला जास्त राग आला. मी म्हटलं, "ताई, आज तरी जाऊ नका. आज तुमचा ब्रेक आहे."

"माह्या ब्रेक आहे, तिच्या सुजीचा थोडीच आहे?" असं म्हणून त्यांनी रश्शाचं शेवटचं बोट चाटलं आणि स्कूटी काढली.

ऊन उतरायच्या वेळेला गुराख्याचा फोन आला. परत येताना नाल्याजवळच्या वळणावर रानडुक्कर आडवं आलं होतं. ताई स्कूटीसकट खाली पडल्या होत्या. आमचीच गाडी गेली, मी सोबत गेले. रस्त्याच्या कडेला त्या बसल्या होत्या, तोंड पांढरं पडलेलं, डावा पाय न पाहवेल असा वळलेला. मला पाहिल्यावर पहिलं वाक्य काय, तर "तिचं बीपी लय हाय. सराईले सांग, उद्याच आणा लागते."

जिल्ह्याच्या गावी मोठ्या दवाखान्यात फोटो काढले. डाव्या पायाची दोन्ही हाडं आणि उजवं मनगट. ऑपरेशन करावं लागेल, उद्या घेऊ, तोवर कच्चं प्लास्टर, असं तिथले डॉक्टर म्हणाले. अपघाताची केस म्हणून पोलीस जमादार वही घेऊन खाटेशी आले. कुठे चालल्या होत्या, त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडणार एवढ्यात ताई म्हणाल्या, "घरच्या कामानं गेलती."

"नोकरीवर आहात नं तुम्ही? ड्यूटीवर होत्या?"

"नाई. आज मी ब्रेकवर हाये. मी कामावर नव्हती. पाड्यावर ओळखीच्या बाईकडे गेलती, भेटाले."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. सकाळी ज्या हाताने एक जीव खेचून आणला तो हात प्लास्टरमध्ये, आणि ही बाई शांतपणे सांगते की मी तिथे नव्हतेच! जमादारांनी ते लिहून घेतलं आणि ते गेले. मी फणफणत म्हटलं, "ताई, काय बोललात हे? कामावर असताना पडलात तुम्ही! उपचारांचा खर्च कोण करणार, रजा कोण देणार?"

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "कामावर होती म्हटलं तं इचारतीन, ब्रेकच्या दिवशी कामावर काऊन? मंग तो ब्रेक, ब्रेकच नाई राह्यत. मंग माह्याच नाई, तुह्याही, साऱ्याईच्याच ऑर्डरी अडकतीन. अन् माही जॉइनिंग उद्या हाय."

मी उद्याचं साफ विसरले होते. ब्रेकच्या दुसऱ्या दिवशी समोर हजर राहून रुजू व्हायचं, तरच पुढचे अकरा महिने. नाही झालं तर ऑर्डर परत जाते आणि प्रतीक्षा यादीतली पुढची मुलगी लागते. ताईंच्या नवऱ्याचं पानाचं दुकान रस्ता रुंद करताना गेलं होतं. घर या एका नोकरीवर उभं होतं.

"अहो, पाय मोडलाय तुमचा!"

"पाय जुळते. ऑर्डर नाई जुळत."

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन आमच्या मोठ्या बाबूंना फोन लावला. बाबू पक्के, देवळीहून बसने येणारे, निवृत्तीला टेकलेले. माणूस वाईट नाही. मी सगळं सांगायला सुरुवात केली तर ते मध्येच म्हणाले, "मॅडम, ती कुठं गेलती, काऊन गेलती, हे मले सांगू नका. मले मालूमच नाई पाहिजे. तारखेले माणूस समोर दिसलं पाहिजे, बस्. वेटिंगवाली पोरगी सकाळपासून येऊन बसते, तिच्याही हातात कागद हाय. मी तरी काय करू?"

तिथल्या डॉक्टरांनी जाऊ देणार नाही म्हणून सांगितलं. मग स्वतःच्या जबाबदारीवर नेतो असं, रात्री येऊन पोचलेल्या त्यांच्या नवऱ्याने सही करून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ड्रायव्हरला मी म्हटलं, गाडी आण. तो खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, सरकारी गाडी हाय, अन् सिस्टर आज सकाळी अजून सरकारी नाईत." तो थट्टा करत नव्हता. हाच ड्रायव्हर कितीदा ताईंच्या हातची पाटोडी खाऊन गेला होता, आणि तो हे म्हणताना रडवेला झाला होता. मला त्या क्षणी त्या शब्दाचीच किळस आली. एका दिवसासाठी कागदावर ठेवलेला शब्द जित्याजागत्या माणसाच्या आड येऊन उभा होता आणि आम्ही सगळे त्याला वाट करून देत होतो.

शेवटी कापूस वाहणारा एक छोटा हत्ती टेम्पो मिळाला. मागे गादी टाकली. ताईंना तिच्यावर निजवलं, मी उशाशी बसले. फळ्यांना अजून कापसाचे पुंजके चिकटलेले होते, वाऱ्याने ते उडून ताईंच्या केसांत बसत होते. प्रत्येक खड्ड्याला त्या दात आवळायच्या. वाटेत नाल्याजवळचं तसंच एक वळण आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. नवरा पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता. त्याच्या मांडीवर पेढ्यांचा पुडा होता, कारण दर वर्षी जॉइनिंगला ताई पेढे वाटायच्या.

केंद्राच्या व्हरांड्यात वेटिंगवाली मुलगी बसलेली होती. इस्त्रीचा ड्रेस, मांडीवर फाइल, शेजारी बाप. तिला पाहून माझं डोकं भडकलं. गिधाडासारखी येऊन बसली, असं मनात आलं. आम्ही गादीसकट ताईंना उचलायला लागलो तर एक कोपरा खाली लोंबत होता. ती मुलगी फाइल बापाकडे देऊन धावत आली आणि तिने तो कोपरा धरला. तिला कळत होतं आपण काय उचलतोय. तिच्या बापानेही मान फिरवली नाही. मला स्वतःची लाज वाटली.

ताईंना व्हरांड्यातल्या बाकावर टेकवलं. बाबूंनी टेबल तिथेच आणवलं. ताईंचा पाय त्यांना दिसला तसा त्यांचा हात थांबला, मग त्यांनी कागद पुढे सरकवले. जॉइनिंग रिपोर्ट छापील होता. त्याच्याखाली ठेवलेला दुसरा कागद मात्र कोरा होता.

"हे एक यावर्षीपासून आलं आहे," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "स्वतःच्या शब्दांत लिहून द्या लागते. त्याईचा हात तसा आहे, तं तुम्ही लिहा."

त्यांनी सांगितलं तसं मी लिहायचं होतं. खंडाच्या दिवशी, म्हणजे काल, मी केंद्रात उपस्थित नव्हते आणि मी कोणतेही शासकीय काम केलेले नाही. मी पेन ठेवलं. म्हटलं, मी हे लिहिणार नाही. मला लिहवणारच नाही. शेजारच्या खोलीत ते बाळ रडत होतं हो!

"लिह्य," ताई म्हणाल्या.

"ताई, खोटं आहे हे."

"लिह्य नं पोरी. पाय दुखून राह्यला."

मी लिहिलं. माझं अक्षर शाळेपासून चांगलं आहे, सगळे कौतुक करायचे. त्या दिवशी एकेक अक्षर मला शिव्या देत होतं. लिहून झाल्यावर बाबूंनी नियमाप्रमाणे ते मोठ्याने वाचून दाखवलं, सही करणारीला समजलं आहे ना, म्हणून. सहीच्या जागी अंगठा घ्यायचा ठरलं. शिकलेली, सर्टिफिकेटवाली नर्स, आणि अंगठा! ऑफिसचं पॅड वाळलेलं होतं, म्हणून शिपाई बाळंतपणाच्या खोलीतलं घेऊन आला. कालचंच. ताईंनी डावा अंगठा पुढे केला.

तेवढ्यात दारात म्हातारी येऊन उभी राहिली. नातवाला लुगड्याच्या पदरात गुंडाळून ती उन्हाला आणत होती. बाबूंचं वाचन तिने ऐकलं होतं. ती आधी बाबूंकडे पाहत राहिली, मग ताईंकडे, मग त्यांच्या पायाकडे.

"काल तू नव्हती म्हणते?" ती म्हणाली. "मंग माह्या नातवाले धरलं कोणं?"

डॉक्टर त्यांच्या खोलीच्या दारात आले होते, ते तिथेच थांबले. बाबूंच्या हातात पॅड तसंच उघडं होतं. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, हिनेच धरलं, हिनेच, म्हणून. पण मी ते बोलले असते तर जे बुडालं असतं ते माझं नव्हतं.

ताईंनी म्हातारीकडे पाहिलंच नाही. त्या बाळाकडे पाहत होत्या.

"माय, त्याची टोपी कानावर घे," त्या म्हणाल्या. "हवा लागते त्याले."

आणि त्यांनी अंगठा पॅडवर टेकवून कागदावर उमटवला. बाबूंनी शिक्का मारला. ताई पुन्हा नोकरीत लागल्या, नव्याने. नवऱ्याने पुडा सोडला आणि तो एकेकापुढे धरत गेला. बाबूंनी घेतला, डॉक्टरांनी घेतला, वेटिंगवाल्या मुलीनेही घेतला. मीही घेतला.

म्हातारीने घेतला नाही. तिने बाळाची टोपी कानावर ओढली आणि ती ताईंसमोर तशीच उभी राहिली, उत्तराची वाट पाहत.